साबणाच्या पाण्यातील सुगंध

द्रव साबण अथवा शाम्पू खरेदी करतांना बाटलीचे बूच काढून वास घेण्याची पद्धत बाजारात रूढ आहे. अत्तराच्या बाबतीत ही परीक्षा योग्य. साबणाच्या बाबतीत मात्र फसवी. भाव तिच्यावरच ठरत असल्याने त्यामागील शास्त्र सभासद बंधूंनी जाणून घेणे अगत्याचे वाटते.

सुगंधी तेल पाण्यात सहसा मिसळत नाही. नूरजहानच्या मातोश्री अस्मत बेगम गुलाबपाणी करीत असता त्यावर तेलाचा तवंग आला व गुलाबाचे अत्तर लाभले, अशी नोंद जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात केली आहे. तेल निराळे झाले तरी पाणी सुवासिक राहतेच. कारण गुलाबातील फेनिल-इथिल अल्कोहोल पाण्यात बऱ्यापैकी विरघळते.

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. साबणाचे प्रमाण ठराविक मर्यादेपलीकडे गेले की हे रेणू तेलाकडची टोके आत घेऊन सूक्ष्म पुंज बनवितात. मॅकबेन यांनी ही कल्पना १९१३ साली मांडली. या पुंजास मायसेल म्हणतात. सोडियम लॉरिल सल्फेटची ही मर्यादा शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वादोन ते अडीच ग्रॅम आहे. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन पुंजाच्या गाभ्यात जाऊन बसते व हवेत कमी जाते. म्हणून सुगंध तेवढाच ठेवून साबण वाढविला, तर बाटलीतला वास उलट मंदावतो!

आता पाणी घाला. फेनिल-इथिल अल्कोहोलचा वास पाण्याच्या मानाने घटत जातो. लिमोनीनचे तसे नाही. पुंज विरळ होतात तसतसे कोंडलेले द्रव्य सुटत राहते, आणि पुंज आहेत तोवर वास फारसा उतरत नाही. त्यात पाणी गरम असेल व फेस पसरला, तर न्हाणीघर दरवळते. बाटलीत सारखे वाटणारे दोन नमुने बादलीत निराळे ठरतात ते यामुळे.

तेव्हा एक भाग माल नव्व्याण्णव भाग कोमट पाण्यात मिसळून, भांडे थोडा वेळ झाकून, मग वास घ्यावा. पाणी गिऱ्हाईक वापरते तेच असावे. १६१५ च्या सुमाराचा आपल्या बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तेथे साचलेला चुन्याचा थर ठाऊक असेल. अशा जड पाण्यात साध्या साबणाची साका बनून काही भाग वाया जातो, आणि तेवढे पुंजही कमी बनतात.

धुतलेल्या कपड्यावर मागे राहतो तो जड द्रव्यांचा वास: चंदनाचा, कस्तुरीचा. हरणाची कस्तुरी आपणांस वर्ज्यच. स्फोटकांवर काम करतांना बाउर यांना १८८८ साली कृत्रिम कस्तुरीगंध सापडला, तेव्हापासून तिची गरजही उरली नाही. भेंडीच्या कुळातील लताकस्तुरीच्या बियांतही तसाच गंध आहे. तेल मात्र महाग पडते.