श्वसनयंत्रावरील मेरुरज्जू-आघात : निर्णय कोणाचा?

मानेच्या वरच्या भागात मेरुरज्जू पूर्णतः निकामी झाला, तर हातपाय लुळे पडतात आणि श्वासही थांबतो. श्वासपटलाची चेता तिसऱ्या ते पाचव्या ग्रैव पातळीवरून निघते. त्याच्या वर आघात झाल्यास कृत्रिम श्वसनावाचून प्राण टिकत नाहीत. मात्र डोक्याला इजा नसेल, तर मेंदू शाबूत असतो. रुग्ण ऐकतो, समजतो, पापण्यांच्या खुणेने उत्तर देतो. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले कुटुंब मात्र परिचयातील वैद्यांस विचारते, "यंत्र काढावे काय?" अरुणा शानबाग प्रकरण (२०११) त्यांच्या ऐकिवात असते. तेथे रुग्ण आपले मत सांगू शकत नव्हती. येथे सांगू शकतो, हा भेद आम्ही त्यांस प्रथम समजावून द्यावा.

निर्णयाची घाई नसावी. आघातानंतरचे पहिले काही आठवडे मेरुरज्जूच्या स्तब्धतेचे असतात. इजेची खरी व्याप्ती त्यानंतर कळते, आणि रुग्णाचे मनही तोवर सावरलेले नसते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात लॅरी मॅकॅफी हा तरुण १९८५ मध्ये मोटारसायकल अपघाताने मानेखाली पंगू झाला. यंत्र बंद करण्याचा त्याचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये मान्य केला. पुढे राहण्याची बरी सोय होण्याची आशा दिसताच त्याने तो हक्क वापरला नाही. जीव नकोसा झाला होता की ती परिस्थिती, हे विचारल्यावाचून कसे कळणार?

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सज्ञान, सक्षम रुग्णाचा उपचार नाकारण्याचा अधिकार मान्य केला आहे. रुग्ण निर्णयक्षम नसेल, तर प्राथमिक व दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे नेमावी लागतात. ही पद्धत २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने सुटसुटीत झाली.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, आयुष्य क्षीण झाल्याचे कळले तरी जेथे सांगण्याने अपाय होईल तेथे ते बोलू नये, अशी शिष्यास आज्ञा आहे. ती तेवढ्यापुरतीच आहे. शुद्धीत असलेल्या प्रौढास त्याच्याच श्वासाविषयी अंधारात ठेवण्यास तिचा आधार घेता येणार नाही. 'असाध्य' हा शब्द आम्ही नातेवाइकांपुढे उच्चारतो, तेव्हा ते त्याचा अर्थ 'यंत्र काढा' असा घेतात, याचेही भान असावे. औषधालयचालक बंधूंकडे हीच मंडळी तुटलेला रज्जू जोडणारे भस्म मागावयास येतात. असे औषध नाही, हे त्यांस स्पष्ट सांगावे. शय्याव्रण टाळण्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलणे अधिक मोलाचे आहे, हेही सांगावे.