वेबसाइटचा स्पीड: स्कोअर नको, गिऱ्हाइकाचा अनुभव बघा

टेस्ट कशी लावायची ते व्हिडिओत बघितलंत. आता तिचा रिझल्ट वाचायला शिकू. कारण "तुमचा स्कोअर ४५ आहे, ९० करून देतो, एवढे पैसे द्या" असं सांगणारे फोन आज ना उद्या तुम्हालाही येणार.

गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे. साइटचा पत्ता टाका, मोबाइलचा रिझल्ट बघा. वरच्या भागात क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांचा गेल्या २८ दिवसांतला अनुभव असतो. खालचा १०० पैकी स्कोअर म्हणजे त्या क्षणी घेतलेली चाचणी. पाच मिनिटांनी पुन्हा घेतली तर आकडा बदलू शकतो. सर्चसाठी महत्त्वाचा वरचा भाग.

त्यात तीन आकडे बघायचे:

१. एलसीपी: पानावरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागणारा वेळ. २.५ सेकंदांच्या आत हवा.
२. आयएनपी: बटण दाबल्यावर पान किती लवकर हलतं. २०० मिलिसेकंदांच्या आत हवं.
३. सीएलएस: लोड होताना मजकूर किती उड्या मारतो. ०.१ किंवा कमी हवा.

१०० पैकी किमान ७५ भेटींत हे जमलं, की पास.

साइट नवीन असेल तर वरचा भाग रिकामा दिसेल. घाबरू नका. चाचणी तीनदा घ्या, मधला आकडा धरा. शिवाय साध्या फोनवर, वायफाय बंद करून साइट उघडा.

दुरुस्तीची सुरुवात फोटोंपासून करा. कॅमेऱ्यातला ४ एमबीचा फोटो तसाच चढवू नका. आकार लहान करा, वेबपी फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. न वापरलेले प्लगइन काढून टाका.

आता लक्ष ठेवणं. गल्ल्याचा हिशोब रोज लिहितो ना? तसे हे तीन आकडे दर महिन्याच्या १ तारखेला वहीत लिहा. थीम किंवा प्लगइन बदललं, तर त्या दिवशीही चाचणी घ्या. सर्च कन्सोलमध्ये कोअर वेब व्हायटल्सचा रिपोर्ट असतो, तोही बघा. आकडे २८ दिवसांचे असल्यामुळे आजची दुरुस्ती उद्या पूर्ण दिसत नाही. थांबा.

आणि एक स्पष्ट सांगतो: नुसत्या स्पीडने कुणी पहिल्या नंबरवर येत नाही. आधी माहिती कामाची हवी. पण पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलं, तर ती माहिती वाचणार कोण?

आजच पहिले तीन आकडे वहीत लिहा. मग कुणाला पैसे द्यायचे का, ते ठरवा.