आलेखांचे सॉफ्टवेअर : सामर्थ्य आणि मर्यादा

कार्यालयीन अहवालात आता तक्त्यासोबत, आणि पुष्कळदा तक्त्याऐवजी, आलेख असतो. तो बहुधा टॅब्लो किंवा पॉवर बीआय यांसारख्या सॉफ्टवेअरवर तयार केलेला असतो. त्याच्या गुणदोषांशी मराठीच्या अभ्यासकाचा काय संबंध, असे आपणांस वाटेल. आलेख हेही एक विधानच असते आणि विधानाची पारख हा आपला विषय आहे.

विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये लंडनहून व्यापारविषयक आलेखांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा प्रत्येक आलेख तांब्याच्या पत्र्यावर कोरावा लागे. आज क्षणात विक्रीचा महिनावार आलेख उमटतो आणि पुढच्याच क्षणी तो जिल्हावार पाहता येतो. एका उत्तरातून दुसरा प्रश्न सुचावा आणि तो लगेच विचारता यावा, हे या साधनांचे खरे सामर्थ्य होय.

लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये आलेखांची घटकनिहाय मांडणी केली आणि ग्रंथाच्या शीर्षकातच 'व्याकरण' हा शब्द योजला. उपमा समर्पक आहे. मात्र व्याकरणशुद्ध वाक्यही दिशाभूल करू शकते. समजा, दोन शाखांचे गुण ९६ व ९८ आहेत. स्तंभालेखाचा अक्ष शून्याऐवजी ९५ पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसेल. सॉफ्टवेअर तशी मुभा देते. आकडे खरे असतात, खोटी असते ती उंची.

याहून सूक्ष्म मर्यादा लेखनाची आहे आणि माझ्या मते मराठी प्रदेशात तीच अधिक महाग पडते. 'नाशिक' आणि 'नासिक', 'कराड' आणि 'कऱ्हाड' ही आपल्यासाठी एकाच गावाची नावे. सॉफ्टवेअरच्या लेखी ती भिन्न असतात. एका शाखेची विक्री दोन स्तंभांत विभागली जाते आणि चांगली चाललेली शाखा यादीच्या तळाशी जाते. तो आलेख पाहून कोणी ती बंद करण्याचा विचार केला, तर दोष कोणाचा? उस्मानाबादचे २०२३ मध्ये धाराशिव झाले. अनेक वर्षांच्या रेषालेखात तेथे एक रेषा तुटते आणि दुसरी उगवते. अशी नावे एकत्र करण्याची सोय या साधनांत आहे. पण कोणती नावे एकच, हे भाषा व प्रदेश जाणणाऱ्यानेच सांगावे लागते.

खर्चाची बाजू थोडक्यात पाहू. पॉवर बीआयची डेस्कटॉप आवृत्ती विनामूल्य असली तरी ती विंडोजवरच चालते, आणि सहकाऱ्यांना आलेख उपलब्ध करून देण्यासाठी सामान्यतः सशुल्क परवाना लागतो. विनामूल्य टॅब्लो पब्लिक हे सार्वजनिक प्रकाशनासाठी आहे; गोपनीय आकडेवारीस ते अयोग्य.

स्वयंअध्ययन : वृत्तपत्रातील एक स्तंभालेख निवडा. त्याचा अक्ष कोठून सुरू होतो ते पाहा आणि त्यातील विधान एका मराठी वाक्यात लिहा. ते वाक्य आलेखाइतकेच ठाम झाले का?