वाद्ये, महापूर आणि विमा

तंबोरा ज्या वस्तूंपासून घडतो त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक वस्तूला पाण्याचे वावडे आहे आणि तरीही या वाद्याचा जन्म नदीच्या काठीच होतो. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात, भीमेच्या खोऱ्यात पिकतो. तो वाळवून मिरजेस आणला जातो आणि कृष्णेपासून फार दूर नसलेल्या या गावात त्याला तबली, गळा आणि दांडी जोडली जाते. शस्त्रे घासून-घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडविण्याचा व्यवसाय हाती घेतला, असे मिरजेची परंपरा सांगते. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्यात अग्रभागी घेतले जाते. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या दीर्घ वास्तव्याने या गावाची आणि तेथील तंबोऱ्याची कीर्ती दूरवर पसरली. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोहोंना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

याच कृष्णेने 2005, 2019 आणि 2021 या तीन वर्षी सांगली-मिरजेच्या परिसरात महापूर आणले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा-पातळी आणि 45 फूट ही धोका-पातळी मानली जाते. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या वर गेले, तेव्हा पुन्हा असे होणे नाही, असेच बहुतेकांना वाटले. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते सुमारे 57 फुटांपर्यंत चढले आणि 2021 च्या जुलैत पुन्हा 55 फुटांच्या आसपास पोहोचले. सांगली नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ 2019 च्या पुरात भिजले. ग्रंथांची हानी निदान मोजता येते, कारण ग्रंथालयाला दाखल-नोंदवही असते. परंतु घराघरांतून, भजनी मंडळांतून आणि संगीताच्या खाजगी वर्गांतून जी वाद्ये असतात, त्यांची नोंद कोठेच नसते. या प्रकरणात ज्या दोन गोष्टींचा विचार करावयाचा आहे, म्हणजे संरक्षण आणि विमा, त्या दोहोंचा आरंभ या नोंदीपासूनच होतो. तो कसा, हे पुढे दिसेल.

प्रथम, पाणी वाद्याचे नेमके काय करते ते पाहू. भोपळ्याचे कवच हे वाळलेले फळ आहे. ते पाणी शोषून मऊ पडते, त्याचा आकार बिघडतो आणि दोन-तीन दिवसांत आतून बुरशी धरते. तबली आणि दांडी यांचे लाकूड फुगते. मात्र ते आडव्या अंगाने जितके फुगते तितके लांबीच्या अंगाने फुगत नाही, आणि म्हणूनच सांधे उघडतात. हे सांधे परंपरेने सरसाने जोडलेले असतात. सरस हा जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून काढलेला डिंक असून पाण्याने तो सैल होतो. वाद्य-दुरुस्तीच्या दृष्टीने हा त्याचा गुणच आहे, कारण कारागिराला सांधा न तोडता उकलता येतो. पुराच्या दृष्टीने मात्र तोच दोष ठरतो. लाखेच्या पॉलिशवर पांढरट डाग पडतात. घोडीची जवारी म्हणजे तर केसभर फरकाचे काम. तिच्यावर बसलेला गाळ पुसून काढला, तरी जवारी नव्याने काढावी लागतेच.

तबल्याची स्थिती याहून वाईट. पुडीवरची शाई लोखंडाचा कीस आणि खळ यांच्या थरांनी बनलेली असते. ती भिजली की विरघळू लागते. चामडे सैल होते आणि वादी ताण सोडते. अशी पुडी वाचविण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. लाकडी खोड मात्र वाचू शकते आणि तांब्या-पितळेचा डग्गा तर धुऊन घेतला की झाले. पेटीच्या बाबतीत भाता हा पुठ्ठा, कापड आणि चामडे यांचा असल्याने तो निकामी होतो. पितळी सूर मात्र टिकतात. म्हणून पेटी भिजली तर सूर-पट्ट्यांतील गाळ काढणे हे पहिले काम होय. तो गाळ एकदा वाळला की सुराच्या फटीत दगडासारखा बसतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. भोपळा पाण्यावर तरंगतो. नदी ओलांडण्यासाठी पूर्वी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधीत, ती याच गुणामुळे. बंद खोलीत पाणी चढू लागले की कोपऱ्यात उभा केलेला तंबोरा उचलला जातो, भिंतीवर व छतावर आपटतो आणि पाणी ओसरताना कपाटाच्या कडेवर किंवा दाराच्या चौकटीवर आडवा अडकतो. अशा वाद्याचा गळा भिजण्यापूर्वीच मोडलेला असू शकतो. म्हणून वर हलविता न येणारे वाद्य निदान खोलीसह पेटीत, तारा उतरवून आणि भिंतीला बांधून ठेवणे बरे. अर्थात हा दुय्यम उपाय आहे. खरा उपाय म्हणजे वाद्य वरच्या मजल्यावर नेणे.

या बाबतीत कृष्णेचा पूर एक सवलत देतो, जी मुंबईच्या पुराने दिली नाही. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि लोक कचेऱ्यांतून घरी पोहोचण्यापूर्वीच तळमजले भरले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांना मिळालेला अवधीही तासांचाच होता. सांगलीचे पाणी मात्र धरणांतील विसर्ग आणि पुलाजवळची पातळी यांच्या आकड्यांनी, पायरी-पायरीने येते. 40 फुटांचा इशारा मिळाल्यावर एखाद्या वर्गातील दहा तंबोरे हलविण्यास पुरेसा वेळ असतो. तो वाया जातो, कारण प्रथम धान्य, कागदपत्रे आणि जनावरे हलविली जातात आणि ते योग्यच आहे. म्हणून वाद्यांची जागा पावसाळ्याच्या आरंभीच ठरवावी, आणि ती ठरविताना 2005 ची नव्हे, तर 2019 ची खूण भिंतीवर पाहावी.

मजल्यावर विसंबण्याचीही एक मर्यादा आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल हे शहर संगीताच्या व्यवसायावरच उभे आहे. 2010 च्या मे महिन्यात कम्बरलँड नदीला पूर आला, तेव्हा तेथील सिंफनी वाद्यवृंदाच्या सभागृहाच्या तळघरात पाणी शिरून स्टाइनवे बनावटीचे दोन मोठे पियानो आणि ऑर्गनचा वादनमंच नष्ट झाला. त्याच वेळी साउंडचेक नावाच्या, नदीकाठच्या एका भांडारात अनेक वादकांची वाद्ये एकत्र ठेवलेली होती. तीही पाण्याखाली गेली. मौल्यवान वाद्ये सुरक्षिततेसाठी एकाच जागी ठेवणे चोरीच्या दृष्टीने शहाणपणाचे असते, पुराच्या दृष्टीने ते तसे असेलच असे नाही.

पाणी ओसरल्यानंतरची पहिली चूक उन्हात वाळविण्याची होते. भिजलेला भोपळा उन्हात ठेवला की तो बाहेरून आत अशा असमान वेगाने वाळतो आणि तडकतो. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, तारा सोडाव्यात, घोडी काढून ठेवावी आणि वाद्य सावलीत, खेळत्या हवेत, अनेक दिवस वाळू द्यावे. सुटलेले तुकडे, नक्षीच्या पट्ट्यासुद्धा, पिशवीत घालून त्या वाद्याला बांधून ठेवावेत. सांधा घरी चिकटविण्याचा मोह टाळावा. बाजारातील कृत्रिम डिंकाने जोडलेला गळा नंतर कारागिराला उकलता येत नाही. आणि हे सर्व करण्यापूर्वी, गाळासह, वाद्याची छायाचित्रे घ्यावीत. येथून विम्याचा विषय सुरू होतो.

विमा हा हानी टाळीत नाही. तो हानीची किंमत अनेकांत वाटतो. आपल्याकडे सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन 1973 च्या आरंभापासून चार सरकारी कंपन्यांमार्फत हा व्यवहार चालू लागला. पुढे खाजगी कंपन्याही आल्या. आगीच्या विम्यात वादळ, पूर आणि जलमयता या संकटांचा समावेश करण्याची पद्धत जुनीच आहे. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक प्राधिकरणाने सर्व कंपन्यांसाठी नमुन्याच्या पॉलिसी ठरवून दिल्या. घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि पाच कोटी रुपयांपर्यंत मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही त्यांची नावे. दोन्हींत पुराचे संकट अंतर्भूत आहे. गृह रक्षेत इमारतीचा विमा उतरविला की घरातील सामानाला तिच्या विमा-रकमेच्या 20 टक्के, परंतु कमाल 10 लाख रुपये, इतके संरक्षण आपोआप लाभते.

मग घरातला तंबोरा यात आला, असे समजून स्वस्थ राहावे काय? साधा, चालू बाजारभावाचा तंबोरा सामान म्हणून येतो, असे सामान्यतः म्हणता येईल. परंतु आजोबांच्या गुरूंनी दिलेला, साठ-सत्तर वर्षे मुरलेल्या लाकडाचा तंबोरा हे निराळे प्रकरण आहे. विमा-सर्वेक्षक त्याच्या जागी आज नवा तंबोरा किती रुपयांस मिळेल, याच हिशेबाने चालण्याचा संभव असतो. वादकाच्या लेखी मात्र जुने लाकूड नव्याहून मोलाचे असते. अशा वस्तूंसाठी मौल्यवान सामानाचे ऐच्छिक संरक्षण आहे, ज्यात मूल्य आधीच उभयपक्षी ठरवून घेतले जाते. एका वस्तूचे मूल्य 1 लाख रुपयांहून किंवा सर्वांचे मिळून 5 लाखांहून अधिक असेल, तर मूल्यांकनाचे प्रमाणपत्र लागते. त्याहून कमी मूल्याच्या वाद्यासाठीही जाणत्या वाद्यकाराकडून लेखी मूल्यांकन, मापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवणे इष्ट. आणि ती प्रत त्याच घरात ठेवू नये! स्वरलिपीच्या वह्या व बंदिशींची हस्तलिखिते यांना हा विमा लागू नसतो, कारण हस्तलिखिते स्पष्टपणे वगळलेली आहेत. त्यांची प्रतिकृती करून दुसऱ्या गावी ठेवणे, एवढाच त्यांचा विमा.

व्यावसायिकांच्या पॉलिसीत कमी-विम्याचा प्रश्न उद्भवतो आणि पूरग्रस्त दुकानदाराला सर्वाधिक धक्का येथेच बसतो. समजा, दुकानातील मालाची खरी किंमत 1 लाख रुपये आहे, परंतु हप्ता वाचविण्यासाठी विमा 60 हजारांचा उतरविला. पुरात 50 हजारांचा माल गेला. दुकानदाराला वाटते की नुकसान विम्याच्या रकमेहून कमी आहे, तेव्हा ते पूर्ण मिळेल. परंतु त्याने आपल्या मालाच्या पाच भागांपैकी तीनच भागांचा विमा उतरविला, असे मानले जाते आणि म्हणून नुकसानीचेही तीनच भाग, म्हणजे 30 हजार रुपये, त्याच्या हाती पडतात. सूक्ष्म उद्यमाच्या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली जाते, त्यापलीकडे हा नियम लागू होतो. गृह रक्षेत तो लावला जात नाही.

वाद्यकाराच्या कारखान्यात दुसरीच अडचण असते. तेथे असलेल्या वाद्यांपैकी कितीतरी त्याची नसतात. कोणी जवारी काढण्यास सतार दिलेली असते, कोणी भोपळा बदलण्यास. विम्याचे मूलतत्त्व असे की, ज्या वस्तूच्या नाशाने आपले आर्थिक नुकसान होते तिचाच विमा आपल्याला उतरविता येतो. दुरुस्तीस आलेल्या वाद्याची जबाबदारी कारागिरावर असते, म्हणून त्याचा तसा हितसंबंध मान्य होतो. तथापि, ‘विश्वासाने ताब्यात असलेला परकीय माल’ असा स्पष्ट उल्लेख पॉलिसीत करून घेतलेला नसेल, तर तो माल वगळला जाण्याची भीती राहते. पावती-पुस्तकात मालकाचे नाव, वाद्याचे वर्णन आणि अंदाजे किंमत लिहिण्याची साधी सवय येथे उपयोगी पडते. संगीत-वर्गात शिष्यांनी ठेवलेल्या वाद्यांनाही हेच लागू आहे. तसेच, कर्ज देणारी बँक बहुधा मालाचा विमा स्वतःच उतरविते, परंतु तो पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यापुरताच असतो. पुराच्या भीतीने माल दुसऱ्या गोदामात हलविला आणि पाणी तेथेच शिरले, तर काय? पावसाळ्यापूर्वी दोन्ही पत्ते नोंदवून घेणे हेच त्याचे उत्तर.

प्रवासातील वाद्याचा विमा निराळा. मिरजेहून छत्तीसगडातील खैरागढच्या संगीत विद्यापीठाकडे, 1956 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेकडे, एखादा तंबोरा निघाला आणि वाटेत रायपूरच्या भनपुरीसारख्या औद्योगिक वस्तीतील वाहतूकदाराच्या गोदामात भर पावसाळ्यात दोन दिवस थांबला, तर त्या दोन दिवसांत तो ना पाठविणाऱ्याच्या दुकानाच्या पॉलिसीत असतो, ना घेणाऱ्याच्या. त्यासाठी देशांतर्गत वाहतुकीचा विमा घ्यावा लागतो आणि मार्गातील मुक्काम त्यात धरला आहे किंवा नाही, हे विचारून घ्यावे लागते. मैफलींसाठी सतत हिंडणाऱ्या वादकाला ‘सर्व जोखीम’ प्रकारची पॉलिसी अधिक सोयीची पडते; तिचा हप्ता जास्त असतो, परंतु ती एका पत्त्याला बांधलेली नसते.

दावा करताना वादक जी घाई करतो ती समजण्यासारखी असली, तरी तिने नुकसान होते. भिजलेल्या पुड्या फेकून देणे, मोडका भोपळा जाळणे, घर धुऊन मोकळे होणे, यांमुळे सर्वेक्षकाला पाहण्यास काही उरत नाही. कंपनीला तत्काळ कळवावे, छायाचित्रे घ्यावीत, अवशेष राखून ठेवावेत. मात्र हानी वाढू नये म्हणून गाळ धुणे आणि सावलीत वाळविणे यांस प्रतिबंध नाही, उलट विमाधारकाने तशी वाजवी काळजी घ्यावी अशीच अपेक्षा असते. ओलीने हळूहळू आलेली बुरशी, जुनी फट, कीड यांची भरपाई मिळत नाही. म्हणून वाद्य पुरापूर्वी कोणत्या स्थितीत होते, हे दाखविणारे एखादे छायाचित्र आणि दुरुस्तीची शेवटची पावती यांचा येथे मोठा उपयोग होतो. ज्या नोंदीचा उल्लेख आरंभी केला ती हीच. एका साध्या वहीत प्रत्येक वाद्यासाठी एक पान राखावे: घडविणाऱ्याचे नाव, घेतल्याचे वर्ष, दांडीची लांबी, भोपळ्याचा घेर, ओळखण्याची एखादी खूण आणि दर वर्षी मृगाच्या आधी घेतलेले एक छायाचित्र.