खोक्याचं लाकूड घेताना आधी शिक्का बघा



"ताई, भंगारवाल्याकडं मशिनच्या खोक्यांच्या फळ्या स्वस्तात मिळतायत. चौरंग, फोटोफ्रेम करून विकू का?" असं तीन गटांनी विचारलं. करा की! पण गटाचं कर्ज उचलायच्या आधी लाकूड ओळखायला शिका.

आपल्याकडं याला सरसकट 'देवदार' म्हणतात. बहुतेक वेळा ते पाइन, म्हणजे चिडाच्या जातीचं असतं. रंग फिकट पिवळा, वजन हलकं, जागोजागी तपकिरी गाठी. नख दाबलं की खूण उठते आणि ताजं कापलं की राळेचा वास येतो. तरी शंका असेल तर फळीचं टोक करवतीनं कापा आणि उन्हात धरा. आंब्याच्या लाकडाच्या कापावर टाचणीनं टोचल्यासारखी छिद्रं दिसतात. पाइनवर तशी दिसत नाहीत, फक्त फिकट-गडद रेघा दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परदेशातून मालासोबत आलेल्या खोक्यावर गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का असतो. शेजारी देशाची इंग्रजी अक्षरं असतात आणि कीड मारायला काय केलं तेही लिहिलेलं असतं. 'एच टी' म्हणजे लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलं. 'एम बी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली. एम बी घेऊ नका, आणि त्याचे तुकडे चुलीत तर अजिबात घालू नका. एच टी असलं तरी वास घ्या, डाग बघा. प्रवासात खोक्यावर काय सांडलं ते शिक्का सांगत नाही. आमच्या एका गटानं तेलकट डागांच्या फळ्या घेतल्या. रंधा मारला तरी वास गेला नाही, सगळा माल पडून राहिला. त्या दिवशी मी सोबत होते आणि मलाही हे ठाऊक नव्हतं.

कामाला बसताना आधी सगळे खिळे उपसा, नाहीतर करवतीचं पातं गेलंच म्हणून समजा. पाइन कडेला पटकन चिरतं. म्हणून खिळ्यापेक्षा बारीक भोक आधी पाडा. ड्रिल नसेल तर खिळ्याचं टोक हातोडीनं थोडं बोथट करून ठोका. गाठीत खिळा मारू नका. पॉलिश पेपर रेघांच्या दिशेनंच फिरवा, आडवा फिरवला तर ओरखडे रंगातून वर दिसतात. भुसा उडतो, तोंडाला पदर बांधा.

पोळपाट-लाटणं याचं करू नका, मऊ असल्यानं खड्डे पडतात. वाळवीही लवकर लागते, म्हणून फळ्या मातीवर नको, विटांवर रचा. निळसर डाग असले तर चालतात, रंगाखाली झाकले जातात. बोटानं भुगा होत असेल तर मात्र ती फळी बाजूलाच ठेवा.

भाव ठरवताना वाया जाणाऱ्या फळ्याही हिशोबात धरा. चिरलेल्या, कुजलेल्या फळ्यांचे पैसे भंगारवाला परत देत नाही.