निळ्या सरोवराकाठचे शहर

[अँडीज पर्वतातील पुनो हे शहर टिटिकाका सरोवराच्या काठी वसले आहे. तेथील एका दिवसाच्या सहलीचे वर्णन या पाठात आहे. सहल कल्पनेतील असली तरी तेथील माहिती खरी आहे.]

मुलांनो, जगाचा नकाशा उघडा. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम बाजूला एक लांबच लांब पर्वतरांग दिसेल. ती अँडीज पर्वताची रांग. या रांगेत, पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर एक निळा ठिपका आहे. तेच टिटिकाका सरोवर. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८१० मीटर उंचीवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,३०० चौरस किलोमीटर आहे. चला, एका मित्राला बरोबर घ्या. आज आपल्याला त्याच्या काठचे पुनो शहर पाहायचे आहे.

समजा, तुम्ही दोघे दोन दिवसांपूर्वी जवळच्या हुलियाका शहरात विमानाने उतरलात आणि तेथे विश्रांती घेतलीत. विश्रांती कशासाठी? इतक्या उंचीवर हवा विरळ असते. समुद्रकाठाच्या मानाने येथे एका श्वासात सुमारे एक तृतीयांश प्राणवायू कमी मिळतो. त्यामुळे नवख्या माणसाचे डोके दुखते, दम लागतो. या त्रासाला तेथे 'सोरोचे' म्हणतात. शरीराला सवय होण्यासाठी थोडा वेळ द्यावाच लागतो.

हुलियाकाहून पुनो सुमारे ४५ किलोमीटर आहे. सकाळी बसने निघा. अंगात लोकरीचे कपडे असू द्या. पुनोच्या बंदरावर पोहोचलात की पाण्याकडे पाहा. समुद्रच वाटतो ना? या सरोवरात पूर्वी 'यावारी' नावाचे लोखंडी जहाज चालत असे. ते इंग्लंडमध्ये बनले होते. मग एवढ्या उंचावर आले कसे? त्याचे सुटे भाग खेचरांच्या पाठीवर लादून डोंगर चढवले. येथे ते पुन्हा जोडले आणि १८७० साली जहाज पाण्यात उतरले. जवळपास कोळसा नव्हता. म्हणून लामा या प्राण्याचे वाळलेले शेण जाळून ते चालवत!

आता नावेत बसा. अर्ध्या तासात तुम्ही उरोस लोकांच्या बेटांवर पोहोचाल. ही बेटे मातीची नाहीत, 'टोटोरा' नावाच्या लव्हाळ्याची आहेत. लव्हाळ्याच्या मुळांचे मोठे ठोकळे कापतात, ते दोरांनी एकत्र बांधतात आणि त्यांवर लव्हाळ्याचे आडवे-उभे थर पसरतात. बेट वाहून जाऊ नये म्हणून ते खुंटांना बांधून ठेवतात. खालचा थर कुजत जातो, म्हणून वरून सतत नवा थर घालावा लागतो. हे काम थांबले तर बेटच राहणार नाही. घर टोटोराचे आणि नावही टोटोराची. टोटोराचा कोवळा पांढरा देठ लोक सोलून खातात.

बेटावरच्या मुलांच्या घरी ऐमारा भाषा बोलली जाते. डोंगरातील कितीतरी मुलांची घरची भाषा केचुआ असते. शाळेत आणि बाजारात स्पॅनिशही लागते. घरी एक भाषा आणि बाहेर दुसरी, हे तुम्हांला काही नवीन नाही.

दुपारी पुनोच्या बाजारात जा. तेथे पिवळे, तांबडे, जांभळे बटाटे दिसतील. बटाट्याची शेती माणसाने हजारो वर्षांपूर्वी याच भागात सुरू केली. काही बटाटे रात्री थंडीत गोठवतात, पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याला 'चुन्यो' म्हणतात. तो वर्षानुवर्षे टिकतो. तुम्ही घरी ज्याला आलू म्हणता आणि मराठीत बटाटा म्हणता, त्याचे माहेर हे!

जेवण झाल्यावर गावातल्या वाख्सापाता टेकडीकडे चला. वर मान्को कापाक या पहिल्या इंका राजाचा पुतळा आहे. हा राजा याच सरोवरातून प्रकट झाला, अशी लोककथा आहे. तुमचा मित्र उत्साहाने पायऱ्या धावत चढतो आणि अर्ध्या वाटेवर मटकन खाली बसतो. त्याचे डोके ठणकते आहे. "थोडेच राहिले, चल," असे त्याला म्हणू नका. आधी त्याला विश्रांती घेऊ द्या, पाणी द्या. त्रास थांबला नाही तर टेकडी सोडा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. टेकडी उद्याही तेथेच असेल.

बसल्या जागेवरून सरोवर दिसते. दूरवर ते निळे आहे. पण काठाजवळ हिरवा तवंग दिसतो. शहराचे सांडपाणी नीट शुद्ध न होताच अनेक वर्षे या पाण्यात गेले. त्यावर पाणवनस्पती माजल्या. टिटिकाकाचा मोठा बेडूक जगात दुसरीकडे कोठेही रानात सापडत नाही. तो पाण्यातला प्राणवायू मुख्यतः कातडीतून घेतो. त्यासाठी त्याच्या अंगावर सैल घड्या असतात. पाणी बिघडले की त्याला श्वास घेण्यास दुसरी जागा नाही. २०१६ साली या सरोवराला मिळणाऱ्या कोआता नदीत सुमारे दहा हजार बेडूक मेलेले आढळले. तेव्हा काही नागरिकांनी मेलेले बेडूक पुनोच्या मुख्य चौकात आणून ठेवले. रोज डोळ्यांसमोर असलेल्या नदीकडे पाहा, एवढेच त्यांना सांगायचे होते.

आता सूर्य कलला. मित्राला बरे वाटू लागले आहे. हळूहळू खाली उतरा. हुलियाकाची बस पकडायची आहे.

शब्दार्थ
विरळ – पातळ, दाट नसलेली
लव्हाळे – पाण्याकाठी उगवणारे उंच गवत
खेचर – गाढव व घोडी यांच्यापासून झालेला प्राणी
तवंग – पाण्यावर तरंगणारा थर
सांडपाणी – वापरून टाकलेले घाण पाणी
मटकन बसणे – एकदम खाली बसणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टिटिकाका सरोवर कोणत्या दोन देशांच्या सीमेवर आहे?
(आ) यावारी जहाज चालवण्यासाठी काय जाळत?
(इ) चुन्यो कशापासून बनवतात?

प्र. २. कारणे सांगा.
(अ) उरोस लोकांना बेटावर सतत नवा थर घालावा लागतो.
(आ) पाणी बिघडले की टिटिकाकाचा बेडूक जगत नाही.

प्र. ३. विरुद्धार्थी शब्द लिहा : उंच, कोवळा, थंडी, दूर.

प्र. ४. अनेकवचन लिहा : बेट, नाव, टेकडी, बेडूक.

प्र. ५. तुमच्या गावातील नदी, तलाव किंवा नाला पाहून या. तेथे काय दिसले ते पाच वाक्यांत लिहा.