आंबे विकले, काडी नव्हे

माझा आवाज मला न विचारता कामाला लागलाय, हे मला सांधेदुखीच्या तेलाच्या एका जाहिरातीमुळे कळलं. भाचीनं ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, खाली एक ओळ : 'मावशी, हे कधी केलंस गं?' मी केलंच नव्हतं. पण आवाज माझाच होता. वाक्य उचलण्याआधी मी घेते तो बारीक श्वास, 'आणि'वर किंचित रेंगाळणं, सगळं जसंच्या तसं. मग तो आवाज म्हणाला, 'पंधरा दिवसांत चांगला फरक', आणि 'चांगला'मधला च त्यानं 'चहा'मधल्या चसारखा उच्चारला. आकाशवाणीवर मी नैमित्तिक उद्घोषक होते, तेव्हा असा च तोंडातून गेला असता तर ड्युटी ऑफिसरनं तिथल्या तिथे कान उपटले असते. यंत्रानं गळा माझा उचलला होता, पण जीभ हिंदीची लावली होती.

मी व्हॉइस ओव्हर करते. जाहिराती, माहितीपट, डबिंग, शाळांचे ऑनलाइन पाठ आणि 'मराठीसाठी दोन दाबा' छापाची फोनवरची वाक्यं. या धंद्यात आमचा चेहरा कुणी पाहिलेला नसतो आणि नाव तर कुणी विचारतही नाही. म्हणूनच हे लिहायला बसले. माझ्यासारखे बिननावाचे आवाज, चित्रकार, अनुवादक, फोटोग्राफर यांच्या काही उपयोगी पडलं तर बरं.

माग काढला तेव्हा

जाहिरात करणारा एक छोटा एजन्सीवाला निघाला. माणूस भला होता. 'मॅडम, मी तर दर महिन्याला पैसे भरतो,' असं म्हणून त्यानं त्या सेवेतली आवाजांची यादी मला दाखवली. तिथे मला भलत्याच मुलीचं नाव दिलं होतं आणि पुढे वर्णन होतं : 'मराठी, स्त्री, आश्वासक'. मजकूर टाका, बटण दाबा, की मी वाचायला हजर. ती सेवा चालवणाऱ्या कंपनीचं म्हणणं, आम्ही रेकॉर्डिंग रीतसर विकत घेतलंय. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी तिसऱ्याकडे बोट दाखवलं. असं करत करत शेवटी मी पोचले माझ्याच एका जुन्या ग्राहकापाशी. त्यांच्या फोन यंत्रणेसाठी मी फार पूर्वी काम केलं होतं. मधल्या काळात ती कंपनी विकली गेली आणि टेबल-खुर्च्यांबरोबर माझ्या फायलीही गेल्या.

त्या फायलींना एवढा भाव का, हे समजून घ्यायला आमचं काम जवळून पाहावं लागेल. मराठीत शंभरापर्यंतचे आकडे तुकडे जोडून बनत नाहीत. एकोणसाठ, त्र्याहत्तर, सत्याऐंशी, जो तो शब्द वेगळा. म्हणून फोन यंत्रणेसाठी प्रत्येक आकडा दोनदा वाचायचा. एकदा पुढे आणखी काही येणार आहे अशा उघड्या सुरात, एकदा वाक्य संपल्यासारखा सूर खाली टेकवून. मग वार, महिने, रकमा, गावांची नावं. माइक एकच, तोंडापासूनचं अंतर तेच, खोली तीच, मागे पंख्याचीसुद्धा घरघर नाही. आणि प्रत्येक फायलीला तिचा लिखित मजकूर जोडलेला. यंत्राला बोलायला शिकवायचं तर याहून चांगला धडा मिळणार नाही.

नुसती नक्कल तर फार थोडक्यात होते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये 'वॅल-ई' मांडलं, तेव्हा तीन सेकंदांचा नमुना पुरतो असं दाखवलं. ओपन-एआयनं मार्च २०२४ मध्ये पंधरा सेकंदांवर चालणारं 'व्हॉइस इंजिन' दाखवलं आणि गैरवापराच्या धास्तीनं ते सरसकट खुलं केलं नाही. पण दिवसभर न अडखळता वाचणारा, विकता येण्याजोगा आवाज घडवायचा तर तासन्‌तासांचं स्वच्छ रेकॉर्डिंग लागतं. ते आमच्यासारख्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं.

कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला यातली गोम लगेच कळेल. पेटी विकली म्हणजे आंबे विकले. त्या झाडाची काडी कापून न्यायची, कलम बांधायचं आणि स्वतःची बाग उभी करायची, हा वेगळा व्यवहार. त्याची बोलणी वेगळी, पैसा वेगळा. मी रेकॉर्डिंग विकलं होतं, काडी नाही.

वकिलाची नोटीस गेली. तिचा सगळा जोर एका जुन्या बिलावर होता. त्यात कामाच्या वर्णनापुढे लिहिलेलं होतं : 'फक्त कंपनीच्या फोन सेवेसाठी'. यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती, स्टुडिओतल्या हिशेबनिसाची तशी लिहायची पद्धत होती, इतकंच. पण तेवढ्या शब्दांनी काम केलं. यादीतून आवाज निघाला, जाहिरात उतरली. भरपाई मात्र छदामही नाही. आणि तोवर ज्यांनी ज्यांनी माझ्या आवाजात काहीबाही बनवून ठेवलं, ते कुठे कुठे वाजतच असणार.

कायदा कुणाच्या बाजूचा?

पहिली गोष्ट, नामवंतांची बातमी वाचून निर्धास्त होऊ नका. अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अंतरिम दिलासा दिला, आशा भोसले यांना सप्टेंबर २०२५ मध्ये. दोन्ही वेळा न्यायालयानं मानलं, की आवाज हा व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे आणि परवानगीशिवाय यंत्राकरवी त्याची नक्कल करणं गैर आहे. आदेश मोलाचे आहेत. पण त्यांचा पाया आहे प्रसिद्धी. आवाज ऐकताच माणूस ओळखू येतो, त्या ओळखीला बाजारात किंमत आहे, आणि ती दुसरा कुणी लाटतोय. आमचा आवाज लाखोंनी ऐकलेला असतो, पण तो कुणाचा हे ठाऊक असतं नातेवाइकांना आणि स्टुडिओवाल्यांना. म्हणून आमचा भरवसा प्रसिद्धीवर नाही, कागदावर हवा.

तो कागद आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सापडतो. कायद्यानं 'सादरकर्ता' कोण ते सांगताना नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार यांच्याबरोबर चक्क गारुड्यालाही धरलं आहे, आणि शेवटी 'सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती' असं म्हणून दार उघडं ठेवलं आहे. त्या दारातून आम्हाला आत शिरता येतं, असं माझे वकील म्हणतात. कलम ३८-ख प्रमाणे सादरकर्त्याला आपलं नाव लावून घेण्याचा आणि सादरीकरणाची मोडतोड होऊन बदनामी होत असेल तर हरकत घेण्याचा हक्क आहे.

याहून कामाचा भाग म्हणजे हक्क लिहून देण्याबाबतचे नियम. हे लेखक-चित्रकारांना लागू आहेतच, आणि आवश्यक त्या फेरफारांसह सादरकर्त्यांनाही. हक्क लिहून दिले, पण मुदत घातली नाही, तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर भारतापुरता. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट आली : करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराची जी पद्धत अस्तित्वातच नव्हती, ती करारात स्पष्टपणे नमूद नसेल तर त्या कराराच्या पोटात येत नाही. माझ्या नोटिशीत हा मुद्दा ठळक होता. मी आकडे वाचले तेव्हा आवाजाची कलमं बांधण्याचा धंदाच नव्हता.

मोठ्या कंपन्यांचे वकील हे जाणून असतात, म्हणून आता करारांत 'आज ज्ञात असलेली आणि पुढे शोधली जाणारी सर्व माध्यमं', 'कायमस्वरूपी', 'जगभर' असले शब्द दाटीवाटीनं बसलेले दिसतात. आमच्याकडे याला सरळ 'बायआउट' म्हणतात. त्यावर सही करायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण आपण काडीसकट झाड देतोय हे ओळखून किंमत सांगावी.

परदेशातलं एक प्रकरण आम्हा सगळ्यांना वाचण्यासारखं आहे. पॉल लेहरमन आणि लिनिया सेज या अमेरिकेतल्या दोन आवाज कलाकारांनी 'लोवो' या कंपनीवर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. फ्रीलान्स कामाच्या मंचावर कुणा अनोळखी ग्राहकानं संशोधनासाठी किंवा अंतर्गत वापरासाठी म्हणून रेकॉर्डिंग करून घेतलं आणि पुढे आमचे आवाज विकायला ठेवले, असं त्यांचं म्हणणं. गाडीतून जाताना पॉडकास्टमध्ये लेहरमन यांचाच आवाज बोलताना त्यांनी ऐकला. जुलै २०२५ मध्ये न्यायालयानं ट्रेडमार्कचे मुद्दे फेटाळले, पण करारभंगाचे आणि न्यूयॉर्कच्या नागरी हक्क कायद्याखालचे मुद्दे पुढे चालू ठेवले. तिथेही कागद टिकला.

खासगीपणाचा कायदा आणि त्यातली फट

आवाज ही नुसती कला नाही, अंगठ्याच्या ठशासारखी ती माझी खासगी माहितीही आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो, की संमती मोकळेपणानं दिलेली, नेमक्या कारणासाठीची आणि समजून-उमजून दिलेली हवी. ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं हवं. संमतीची सूचना आठव्या परिशिष्टातल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, मागता येते. माहिती पुसून टाका असं सांगता येतं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तिथून अठरा महिन्यांची सवलत मिळाली.

आता फट ऐका. तुम्ही स्वतःहून जाहीरपणे मांडलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे काम मिळावं म्हणून आपण जे नमुने चारचौघांत टांगतो, तेच कायद्याच्या छत्रीबाहेर उभे असतात. मेटा कंपनीच्या अधिकाऱ्यानं ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीसमोर सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य केलं, की २००७ पासूनच्या प्रौढांच्या सार्वजनिक पोस्ट आणि फोटो, ते खासगी करून ठेवलेले नसतील तर, यंत्राला शिकवण्यासाठी घेतले आहेत. युरोपातल्या लोकांना नकार कळवायची सोय मिळाली, कारण तिथला कायदा तशी सक्ती करतो. कंपनी तीच, पण कायदा वेगळा म्हणून वागणूक वेगळी.

मी आता काय करते

कामाआधी एक प्रश्न लेखी विचारते : याचा वापर नेमका कुठे? उत्तर 'विविध प्रकल्पांसाठी' असं आलं, तर पुन्हा विचारते. संदर्भ नसलेली सुटी सुटी वाक्यं तासन्‌तास वाचायला सांगितली, ळ, ण आणि दोन्ही प्रकारचे च यांची रेलचेल असली, की समजावं, हे ऐकणाऱ्यासाठी नाही, यंत्रासाठी आहे. तसं काम वाईट नव्हे. अंधांसाठी पुस्तकं वाचणारा चांगला मराठी आवाज मलाही हवाय. पण मग ते उघड सांगा, मुदत घाला आणि वापरागणिक पैसे द्या.

जाहीर नमुने छोटे ठेवते, खाली संगीत घालते, मध्येच स्वतःचं नाव उच्चारते. संगीत वेगळं काढणारी साधनं आहेत, त्यामुळे चोर अडत नाही, पण माल शुद्ध मिळत नाही. स्वच्छ मूळ फाइल फक्त काम ठरल्यावर देते.

आवाज स्वच्छ करणारी, उतरवून देणारी ऑनलाइन साधनं वापरण्याआधी सेवाशर्तींत 'सेवा सुधारण्यासाठी' हे शब्द शोधते. अनेकदा शिकवणीचा मामला त्यांच्याच आड असतो. सेटिंगमध्ये नकाराचं बटण असेल तर आधी ते. झूमनं २०२३ मध्ये आणि अडोबीनं २०२४ मध्ये अशा शर्तींवरून ग्राहकांचा रोष ओढवून घेतला आणि दोघांनाही शब्द बदलावे लागले. बोंब मारल्यानं फरक पडतो, तेव्हा मारावी.

घरात एक परवलीचा शब्द ठरवलाय. माझा आवाज इतका मोकळा फिरतोय, की उद्या आईला फोन करून 'मी अडकलेय, पैसे पाठव' असं कुणीही माझ्या गळ्यानं म्हणेल. शब्द सांगितला नाही, तर फोन ठेवायचा आणि माझ्या नेहमीच्या नंबरवर उलटा फोन करायचा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला कळवायचं.

चोरी दिसली तर आधी भांडू नये, पुरावा गोळा करावा. पत्ता आणि तारखेसह स्क्रीन रेकॉर्डिंग, शक्य असेल तर मूळ फाइल, स्वतःची जुनी कच्ची फाइल आणि बिल. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार लागणारं प्रमाणपत्र वकिलाच्या मदतीनं तयार करावं. मग त्या मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार असा अधिकारी नेमणं त्यांना बंधनकारक आहे. भांडायला त्यानंतरही भरपूर वेळ मिळतो.

आणि हे माझ्या प्रत्येक बिलावर आता छापलेलं असतं. चित्रकारांनी 'आवाज'च्या जागी 'चित्रशैली', अनुवादकांनी 'अनुवाद' घालून उचलावं : 'हे ध्वनिमुद्रण फक्त वर लिहिलेल्या कामासाठी, वर लिहिलेल्या मुदतीपुरतं आहे. माझ्या स्वतंत्र लेखी परवानगीशिवाय ते कोणत्याही यंत्रप्रणालीला शिकवण्यासाठी, कृत्रिम आवाज बनवण्यासाठी किंवा तिसऱ्या पक्षाला देण्यासाठी वापरता येणार नाही. कंपनी विकली गेली तरी ही अट कायम राहील.' बहुतेक ग्राहक न कुरकुरता सही करतात. जो याच तीन ओळींवर अडून बसतो, त्याला काय हवं होतं हे रेकॉर्डिंगच्या आधीच कळतं, आणि तेवढ्यासाठी एखादं काम गेलं तर ते स्वस्तात पडलं म्हणायचं.